१८४४६७४४०७३७०९५५१६१५ : या संख्येचे अवयव हाताने कसे काढायचे?

प्रश्न असा आहे : प्रोग्रॅम चालवताना पडद्यावर १८४४६७४४०७३७०९५५१६१५ हा आकडा आला. ही संख्या मूळ आहे का? नसेल तर तिचे अवयव कसे काढायचे? आणि तिच्यात २ मिळवून येणारी १८४४६७४४०७३७०९५५१६१७ ही संख्या तरी मूळ असेल का?

आधी उत्तर सांगते. दोन्ही संख्या मूळ नाहीत. पहिलीचे अवयव असे पडतात :

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

हे सातही अवयव मूळ आहेत आणि सगळे काम कागदावर होते. दुसरी संख्या जास्त चिवट आहे, तिच्याकडे शेवटी येऊ.

सुरुवातीला साधनांबद्दल सावध करते, कारण ऑलिम्पियाडच्या तयारीला येणारी मुले इथेच सर्वांत जास्त फसतात. हा आकडा एक्सेलमध्ये टाकला तर तिथे १८४४६७४४०७३७०९५००००० दिसेल. एक्सेल पंधराच सार्थ अंक ठेवते, पुढे शून्ये भरते. प्रोग्रॅममध्ये दशांश अपूर्णांकांसाठीच्या प्रकारात, म्हणजे फ्लोटमध्ये, हा आकडा ठेवला तर नुकसान याहून फसवे होते. तिथे साठवली जाणारी संख्या नेमकी एकने मोठी असते, शेवटी १६ असलेली. मग यंत्र सांगते की संख्या सम आहे आणि ३ ने भागल्यावर बाकी १ उरते. दोन्ही उत्तरे साफ चुकीची. पायथॉनमध्ये पूर्णांक म्हणून लिहिली तर सगळे अंक जपले जातात. तपासायला तेच वापरा.

आता शाळेतल्या पद्धतीने जाऊन पाहू. शेवटचा अंक ५ आहे, म्हणून ५ ने भाग जातो. अंकांची बेरीज ८७ येते, म्हणून ३ ने जातो, ९ ने जात नाही. १५ ने भागल्यावर १२२९७८२९३८२४७३०३४४१ उरते. तिला ७, ११, १३ यांपैकी कशानेच भाग जात नाही, १७ ने जातो. इथवर बरे चालते. यानंतर मात्र २५७ गाठेपर्यंत ४७ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते आणि सगळे भागाकार वाया जातात. त्यापुढे ६४१ पर्यंत आणखी साठ वाया. ६४१ आणि ६५५३७ यांच्यामध्ये तर सहा हजारांहून अधिक मूळ संख्या आहेत. या वाटेने चिकाटी कितीही असली तरी पुरणार नाही. म्हणून मोठी संख्या समोर आली की भागाकार सुरू करण्याआधी ती कशी तयार झाली असेल हे शोधावे. त्यासाठी माझी पहिली सवय म्हणजे तिच्यात एक मिळवून आणि एक वजा करून पाहणे.

एक मिळवला की शेवटचे अंक होतात ५१६१६. शेवटचे दोन अंक १६, त्यांना ४ ने भाग जातो. शेवटचे तीन ६१६, त्यांना ८ ने जातो. शेवटचे चार १६१६, त्यांना १६ ने जातो. पाच अंकांना ३२ ने जातो. हे असे थांबायचे नाव घेत नाही तेव्हा समजायचे की २ चा मोठा घात समोर आहे. तो आहे २^६४, म्हणजे २ चा ६४ वा घात. तुमची संख्या २^६४ − १ आहे. संगणक पूर्णांकासाठी ६४ बिट, म्हणजे ० किंवा १ ची ६४ घरे, देतो आणि सगळे बिट १ झाले की हीच किंमत होते. चिन्हरहित, म्हणजे ऋण संख्या न घेणाऱ्या, प्रकारात कुणी −१ भरला तरी हीच छापली जाते. तुमच्या पडद्यावर ती बहुधा तशीच आली असावी.

२^६४ हाताने काढायला चौसष्ट वेळा दुप्पट करायची गरज नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) भूमिती श्रेढीच्या बेरजेसाठी सुरेख नियम दिला आहे. पदांची संख्या विषम असेल तर एक वजा करून ‘गुण’ लिहा, सम असेल तर निम्मी करून ‘वर्ग’ लिहा आणि शून्यापर्यंत जाऊन उलट्या क्रमाने त्या क्रिया करत या. उदाहरणही तिथलेच : एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट देत जातो, तर महिन्याभरात किती निष्क (तेव्हाचे मोठे नाणे) दिले? उत्तर २१४७४८३६४६ कवड्या, म्हणजे १०४८५७ निष्क आणि वर थोडी लहान नाणी. ही संख्या २^३१ − २ आहे. आपल्या ६४ साठी नियम तर आणखी सोपा होतो, कारण ६४ सहा वेळा निम्मा करता येतो :

२, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, १८४४६७४४०७३७०९५५१६१६

प्रत्येक संख्या आधीच्या संख्येचा वर्ग. सहा गुणाकार, संपले. आज गुप्तलेखनाच्या प्रोग्रॅममध्ये शेकडो अंकी घात काढतात तेही याच तत्त्वावर.

बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. त्या दाण्यांची एकूण बेरीज हीच संख्या, आणि अल-बिरुनीने सुमारे हजार वर्षांपूर्वी ती शेवटच्या अंकापर्यंत बरोबर दिली आहे.

आता अवयव. नववीत पाठ केलेले अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) हे सूत्र घ्या. २^६४ हा २^३२ चा वर्ग आहे, म्हणून

२^६४ − १ = (२^३२ + १)(२^३२ − १)

उजवीकडच्या कंसात पुन्हा वर्गांची वजाबाकी आहे. तो कंस पुन्हा फोडा. असे करत गेले की शेवटी उरते :

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

वरच्या रांगेतल्या २, ४, १६, २५६ वगैरे, शेवटची सोडून, प्रत्येक संख्येत एक मिळवला की हे अवयव मिळतात. एकही भागाकार न करता वीस अंकी संख्येचे सहा तुकडे झाले. यांना फर्मा संख्या म्हणतात. १६४० च्या सुमारास पिएर द फर्माने मत मांडले की अशा सगळ्या संख्या मूळ असतात. पहिल्या पाच खरोखरच मूळ आहेत. सहावी, ४२९४९६७२९७, मूळ नाही हे ऑयलरने १७३२ मध्ये दाखवले. तिला ६४१ ने भाग जातो.

६४१ कुठून आला? नशिबाने सापडला असे मानून पुढे गेलात तर या संख्येतला सर्वांत सुंदर भाग हातून निसटेल, म्हणून इथे थांबते.

एखादी विषम मूळ संख्या प घ्या. २ चे घात क्रमाने लिहा, प्रत्येकाला प ने भागा आणि फक्त बाक्या लिहा. कधी ना कधी बाकी १ येते आणि तिथून तेच चक्र पुन्हा सुरू होते. ७ साठी बाक्या २, ४, १, म्हणजे चक्राची लांबी ३. १७ साठी २, ४, ८, १६, १५, १३, ९, १, म्हणजे लांबी ८. फर्माचाच एक सिद्धांत सांगतो की ही लांबी प − १ ला नेहमी निःशेष भागते. सतराच्या बाबतीत पाहा, ८ ने १६ ला भाग जातो.

आता समजा प ने २^३२ + १ ला भाग जातो. म्हणजे २^३२ ची बाकी −१ (पूर्ण भाग जायला १ कमी पडतो, म्हणून प − १ ऐवजी −१ लिहितो) आणि २^६४ ची बाकी १. चक्राची लांबी ६४ ला भागते पण ३२ ला भागत नाही, म्हणून ती नेमकी ६४ च असली पाहिजे. मग प − १ हा ६४ च्या पटीत. ऑयलरने एवढे वापरले. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितीने १८७८ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. ते पाऊल असे समजून घ्या : क्ष = २^८ × (२^१६ − १) ही संख्या घेऊन तिचा वर्ग करा. कंस सोडवल्यावर २^१६ × (२^३२ − २^१७ + १) मिळते. २^३२ च्या जागी −१ ठेवला की आत फक्त −२^१७ उरतो, म्हणून वर्ग होतो −२^३३ आणि त्याची बाकी २. म्हणजे प च्या जगात, फक्त प ने भागल्यावरच्या बाक्या पाहिल्या तर, क्ष हे २ चे वर्गमूळ आहे! २ चे चक्र ६४ चे, तर त्याच्या वर्गमूळाचे १२८ चे. म्हणून प − १ हा १२८ च्याही पटीत असायला हवा.

आता उमेदवार मोजा. १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांतले १२९ (३ × ४३), ३८५ आणि ५१३ मूळ नाहीत. २५७ बाद, कारण दोन वेगवेगळ्या फर्मा संख्यांना सामाईक मूळ अवयव नसतो : २५७ चे चक्र १६ चे, आपल्याला ६४ चे हवे. उरला ६४१. खराखुरा भागाकार करून पाहावा असा पहिलाच उमेदवार, आणि तोच लागतो.

भागाकारही न करता हे पटवता येते. ६४१ = ५ × २^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४ (६२५ अधिक १६). पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घ्या : ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ लिहा. मिळाले −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने भाग जातो. वर्गात हे दाखवताना मी फळा पुसत नाही, मुलांना दोन ओळींकडे बराच वेळ पाहू देते.

भागाकार ६७००४१७ येतो. ती मूळ आहे का? तिचे वर्गमूळ २५८८ आणि २५८९ च्या मध्ये आहे, त्यामुळे एरवी साडेतीनशेहून अधिक मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या. पण तिचा कोणताही मूळ अवयव हा २^३२ + १ चाही अवयव, म्हणून तोही १२८ च्या पटीपेक्षा एकने मोठा. २५८८ पर्यंत अशा वीसच संख्या आहेत. त्यांतल्या मूळ फक्त २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. बाकीच्या लहान अवयवांनी लगेच फुटतात, उदाहरणार्थ १५३७ = २९ × ५३, १७९३ = ११ × १६३. २५७ आधीच बाद. उरले चार भागाकार :

६४१ ने भागल्यास बाकी ४४
७६९ ने भागल्यास बाकी १२०
११५३ ने भागल्यास बाकी ३३४
१४०९ ने भागल्यास बाकी ६२२

एकही बाकी शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ. सात अंकी संख्या मूळ आहे याचा पुरावा चार भागाकारांत मिळाला. हे चार तुम्ही स्वतः करा.

याच चक्रांवरून आपल्या वीस अंकी संख्येचे पूर्ण चित्र दिसते. एखादी मूळ संख्या २^६४ − १ ला भागते ती तिच्या चक्राची लांबी ६४ ला भागत असेल तरच. ७ ची लांबी ३, ११ ची १०, १३ ची १२. म्हणून सुरुवातीचे ते भागाकार फसणारच होते, करून पाहायचीही गरज नव्हती. उलट ३ ची लांबी २, ५ ची ४, १७ ची ८, २५७ ची १६, ६५५३७ ची ३२. प्रत्येक लांबीला एकच मूळ संख्या. आणि ६४ या लांबीला दोन : ६४१ आणि ६७००४१७. फर्माचे मत नेमके जिथे कोसळले ती जागा हीच.

अवयव हाती आल्यावर बाकीचे गुणधर्म भराभर निघतात. सात वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच, म्हणून एकूण विभाजक २^७ = १२८. संख्या वर्ग नाही हे उघड आहे, कारण ५ ने संपणाऱ्या वर्गाचे शेवटचे दोन अंक २५ असतात, इथे १५ आहेत. एक गुणधर्म मात्र मला विशेष आवडतो. २^६४ ला ८ ने भाग जातो, म्हणून आपल्या संख्येला ८ ने भागल्यावर बाकी ७ उरते. कोणत्याही वर्गाला ८ ने भागल्यावर बाकी ०, १ किंवा ४ च येते आणि या तिघांपैकी कोणत्याही तीन बाक्या मिळवून ७ होत नाही. म्हणजे ही संख्या तीन वर्गांची बेरीज म्हणून कधीच लिहिता येणार नाही. चार वर्ग लागतात, आणि चार पुरतात हे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केले.

भूमितीशीही तिचे नाते आहे. १७९६ मध्ये एकोणीस वर्षांचाही न झालेल्या गाउसने पट्टी आणि कंपासने सुसम सतरा भुजाकृती काढता येते हे शोधले. पुढे त्याने दाखवले की वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असलेली कोणतीही विषम बाजूसंख्या चालते. उलट बाजू, म्हणजे इतर विषम संख्या चालतच नाहीत हे, वाँत्सेलने १८३७ मध्ये पुरे केले. पाच ज्ञात मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार २^३२ − १ = ४२९४९६७२९५. रेखाटता येणाऱ्या विषम बाजूंच्या ज्ञात सुसम बहुभुजांपैकी सर्वांत मोठा तो हाच. ४२९४९६७२९७ मूळ असती तर तुमच्या पडद्यावरचा पूर्ण आकडाही त्या यादीत बसला असता. हेर्मेस नावाच्या जर्मन गणितीने दहा वर्षे खर्चून ६५५३७ बाजूंच्या बहुभुजाची कृती लिहिली आणि १८९४ मध्ये तिच्याबद्दल प्रसिद्ध केले. ती हस्तलिखिते गटिंगन विद्यापीठात आहेत. इतक्या निष्ठेने केलेल्या कामाबद्दल मला फार आदर वाटतो.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एक इशारा. संख्या मूळ आहे का हे पाहायला बरेच जण ती संख्या न मानून २ चा (न − १) वा घात काढतात आणि त्याला न ने भागल्यावर बाकी १ येते का ते बघतात. ४२९४९६७२९७ ही कसोटी सहज उत्तीर्ण होते! न − १ = २^३२, तो ६४ च्या पटीत, आणि ६४ व्या घाताची बाकी १, म्हणून इथेही १. प्रत्येक फर्मा संख्या २ ला असाच चकवा देते. ३ घेऊन तीच कसोटी लावा, लबाडी लगेच उघडी पडते. पेपँ याने १८७७ मध्ये फर्मा संख्यांसाठी दिलेली कसोटी आज सहसा ३ घेऊनच लावतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. १८४४६७४४०७३७०९५५१६१७ म्हणजे २^६४ + १, रांगेतली पुढची फर्मा संख्या. तिचे अवयव जाहीर झाले १८८० मध्ये, आणि ते काढणारे लांद्री तेव्हा ८२ वर्षांचे होते :

२७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१

इथे ल्युकाच्या नियमाने अवयव २५६ च्या पटीपेक्षा एकने मोठा हवा, आणि २७४१७७ = २५६ × १०७१ + १. म्हणजे मागच्या वेळी पाचव्या क्रमांकावर सापडलेला अवयव इथे एक हजार एकाहत्तराव्या क्रमांकावर बसला आहे. आजवर मूळ असलेली सहावी फर्मा संख्या सापडलेली नाही. २^३२ + १ पासून ज्यांची स्थिती माहीत आहे त्या सगळ्या संयुक्त निघाल्या आहेत.

अवयव शोधणे कठीण असले तरी ताळा करणे सोपे आहे. वीस अंकी भागाकार मांडू नका, वर्ग करत जा आणि प्रत्येक वेळी २७४१७७ ने भागून बाकी ठेवा. २^३२ = ४२९४९६७२९६, बाकी २५८७६८. ती अर्ध्याहून मोठी आहे, म्हणून २७४१७७ वजा करून −१५४०९ घ्या, गुणाकार हलका होतो. १५४०९ चा वर्ग २३७४३७२८१. त्यात १ मिळवला की २३७४३७२८२, आणि ती बरोबर ८६६ × २७४१७७ आहे. म्हणजे २^६४ ची बाकी −१, आणि २^६४ + १ ला २७४१७७ ने निःशेष भाग गेला.